पुटकुळीचें खापर

कांहीं रोग असे आहेत कीं, ते झाले असतां लोक रोग्याची विचारपूस करितात. आणि कांहीं असे कीं, ते झाले असतां लोक रोग्याची चौकशी करितात. प्रौढ वयांत तोंडावर उठणारे मुरूम हे या दुसऱ्या वर्गांतले होत. ज्वर आलेल्यास ‘कसें वाटतें?’ असें विचारण्यांत येतें. मुरूम आलेल्या बाईस ‘हल्लीं खातेस तरी काय?’ असें विचारण्यांत येतें.

आमच्या भाषेनें या विकारास ‘तारुण्यपीटिका’ असें नांव देऊन तो तरुणांच्या पदरीं बांधला आहे. सुश्रुतानेंही मुखदूषिकांचें वर्णन करितांना त्यांस सांवरीच्या कांट्यांची उपमा देऊन त्या तरुणांच्याच तोंडावर दाखविल्या. परंतु पंचविशी-तिशी उलटल्यावरही हा विकार अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, होतो. ज्या वयांत त्याचें कौतुकमिश्रित हसें व्हावयाचें तें वय गेलेलें असल्यामुळें कारणाचा शोध सुरू होतो, आणि तो शोध थेट ताटापाशीं येऊन थांबतो.

आमची एक पुतणी तिशीला टेकलेली, बँकेंत नोकरी करणारी. तिच्या हनुवटीवर व जबड्याच्या कडेला मुरूम उठूं लागले, तेव्हां घरांतील प्रत्येकानें आपापला निवाडा दिला. वहिनींनीं शेंगदाण्यांवर ठपका ठेवला, शेजारच्या काकूंनीं ‘उष्ण पडलें’ म्हणून लसूण-मिरची वर्ज्य करविली, आमच्या चिरंजीवांनीं चॉकोलेटवर बोट ठेविलें. प्रत्येक निवाड्यागणिक ताटांतील एकेक पदार्थ नाहींसा झाला, आणि अखेर मऊ पांढरा भात, पातळ वरण व दुधी भोपळा एवढेंच उरलें. मुरूम होते तेथेंच होते. एके रात्रीं तिनें आम्हांस विचारलें, “काका, सगळ्यांचें सगळें ऐकलें. आतां जेवायलाच बसूं नको का?” आमचा विषय वाङ्मय, तथापि त्या प्रश्नानें आम्हीं वैद्यकाचीं पुस्तकें चाळलीं.

तेथेंही एके काळीं निवाडाच झालेला आढळला. १९६९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत अमेरिकेंत ६५ जणांस कांहीं आठवडे चॉकोलेटच्या वड्या व कांहीं आठवडे चॉकोलेटविरहित वड्या खाऊं घालण्यांत आल्या. मुरुमांत फरक पडला नाहीं. सबब आहाराचा संबंध नाहीं, असें पुष्कळ वर्षें शिकविलें गेलें. परंतु त्या दुसऱ्या वड्यांतही साखर व स्निग्धांश जवळजवळ तेवढाच होता, आणि प्रयोगास चॉकोलेट तयार करणाऱ्यांच्या संघाचें साहाय्य होतें! पुढें २००२ सालीं पापुआ न्यू गिनीमधील किटावा बेटावरील १२०० लोकांच्या तपासणीचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. कंद, फळें, मासे व नारळ यांवर राहणाऱ्या त्या लोकांत एकही मुरूम सांपडला नाहीं. तें आहारामुळें कीं आनुवंशामुळें, हा प्रश्न मात्र उरलाच. मग २००७ सालीं ऑस्ट्रेलियांत ४३ तरुणांवर १२ आठवडे केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. रक्तांतील साखर सावकाश वाढविणारा आहार ज्यांनीं घेतला त्यांचे मुरूम अधिक उतरले.

याची कारणपरंपरा मोठी मनोरंजक आहे. मैदा, साखर, पांढरा भात यांसारखे पदार्थ रक्तांतील साखर झपाट्यानें वाढवितात; ती आवरण्यास इन्शुलिन धांवतें. इन्शुलिन वाढलें कीं, स्त्रियांच्याही शरीरांत अल्प प्रमाणांत असणारे पुरुषी अंतःस्राव वाढूं लागतात. शिवाय त्यांस बांधून ठेवणारें प्रथिन यकृत कमी तयार करतें. त्याच वेळीं आयजीएफ-१ नांवाचा वाढीस चालना देणारा दुसरा स्राव अधिक मोकळा होतो. हे सर्व मिळून त्वचेंतील तैलग्रंथींस चेतवितात, छिद्रें बुजतात, आणि पुटकुळी उठते. ज्यांच्या शरीरांत हा आयजीएफ-१ जन्मतःच अत्यल्प असतो, अशा विरळा लोकांना मुरूम सहसा येत नाहींत. दुधावरही संशय आहे: २००५ सालीं ४७,००० हून अधिक अमेरिकन परिचारिकांच्या आठवणींवरून दूध, विशेषतः साय काढलेलें दूध, व मुरूम यांचा संबंध दिसला. पण शाळेंतील दिवसांत काय प्यालों याची साक्ष मोठेपणीं देणें, ही साक्ष कितपत धरावी हें वाचकांनींच ठरवावें.

वाचतां वाचतां आम्हांस आमच्या घरच्या न्यायदानाचें हसूं आलें. जे शेंगदाणे हद्दपार झाले होते, ते साखर सावकाश वाढविणारे. आणि ज्यास निर्दोष ठरवून ताटांत ठेविलें तो मऊ भातच धांदल उडविणारा! आमच्या उपवासाचा साबुदाणा तर बहुतेक निव्वळ पिष्टच. पण त्याजकडे बोट दाखविण्याचें धैर्य कोणांत असावें?

तथापि भातास आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करण्याचीही घाई नको. २०२४ सालीं अमेरिकेच्या त्वचारोगतज्ज्ञांनीं मार्गदर्शन केलें तेंही एवढेंच कीं, अमुक आहार घ्या असें सांगण्याइतका पुरावा अद्याप नाहीं. आनुवंश आहे, कांहीं औषधें आहेत, अंडाशयांचे विकार आहेत. मुरुमांबरोबर पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील, तर स्वयंपाकघर सोडून डॉक्टरांकडेच गेलें पाहिजे. आमची पुतणी गेली. आतां ती औषध घेते, चहाबरोबरचीं बिस्किटें तिनें कमी केलीं आहेत, आणि कोशिंबिरींत दाण्याचें कूट पुनः पडूं लागलें आहे. मुरूम पुष्कळ उतरले आहेत. औषधानें किती व बिस्किटांनीं किती, याचा हिशेब कोणीं मांडलेला नाहीं.

आमचें वाचकांस, त्यांतही घरांतील वडील मंडळींस, एकच मागणें आहे. अन्न हें एखाद्या विकाराचें एक कारण असूं शकेल. तेवढ्यानें जेवणारा गुन्हेगार होत नाहीं. तोंडावर पुटकुळ्या घेऊन जी मुलगी पंगतीला येऊन बसते, तिनें त्या आरशांत आपल्या आधींच पाहिलेल्या असतात. तिच्या ताटाकडे पाहण्याऐवजीं तिला आणखी काय वाढूं, एवढेंच विचारावें.