खोटी मिरची

गेल्या कार्तिकात आम्ही एक कुंडी घरी आणली आणि आमच्या दिवाणखान्यातील खिडकीस एकाएकी प्रतिष्ठा प्राप्त झाली. हात-दीड हात उंचीचे झुडूप, गर्द हिरवी पाने, आणि त्यांत गोट्यांएवढी फळे. काही हिरवी, काही पिवळी, काही नारिंगी, बाकीची लालबुंद. पुण्याची थंडी त्यास मानवली. आठवड्यांमागून आठवडे गेले तरी फळे गळेनात. युरोपातील लोक नाताळाच्या दिवसांत हे झाड हौसेने घरात का ठेवतात, ते आमच्या तत्काळ ध्यानी आले.

येणाऱ्याजाणाऱ्यास आम्ही त्याची कुळकथा ऐकवू लागलो. 'जेरुसलेम चेरी' हे त्याचे इंग्रजी नाव दोन्ही अंगांनी असत्य. ते जेरुसलेमचे नव्हे, दक्षिण अमेरिकेचे. आणि चेरी तर नव्हेच, वांग्या-टोमॅटोंच्या कुळातले. लिनीअसने १७५३ साली त्यास जे लॅटिन नाव दिले, त्याचा अर्थ 'खोटी मिरची'. पाहुणे माना डोलावीत आणि आम्ही मनातून सुखावत असू.

या फळांत सोलॅनोकॅप्सीन नावाचे विष असते, हेही आम्ही त्याच पुस्तकात वाचले होते. परंतु विषाची गोष्ट चहाबरोबर सांगण्याजोगी नसते. ती आम्ही पाहुण्यांस सांगितली नाही, आणि घरातही सांगितली नाही.

पौषात एके सकाळी आमची दोन वर्षांची नात अर्धे फळ मुठीत व अर्धे तोंडात घेऊन आमच्यापुढे उभी राहिली. तोंडातले आम्ही काढले आणि तिला उचलून डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी तपासले, नजर ठेवावयास सांगितले. वांती झाल्यास लगोलग आणा, म्हणाले. सुदैवाने काही झाले नाही. ती रात्रभर स्वस्थ झोपली. आम्ही तिच्या उशाशी बसून होतो.

पहाटे सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, "अहो, तुम्हांला ठाऊक होतं?"

तीस वर्षे वर्गात प्रश्न विचारीत आलेल्या आम्हांस उत्तर सुचेना. अखेर "होतं," असे म्हणालो. त्या काही न बोलता चहा ठेवावयास उठून गेल्या.

झाड उपटून टाकावे असे प्रथम वाटले. पण त्याचा अपराध कोणता? विषारी कण्हेर आपल्या अंगणात पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे. तिचे विष प्रत्येक आजीने प्रत्येक नातवंडास सांगितलेले असते, म्हणूनच तिची फुले निर्धास्तपणे देवास वाहिली जातात. आमच्या झाडास अशी आजी लाभली नाही. त्यास लाभला एक प्राध्यापक, आणि त्याने अर्धेच सांगितले.

कुंडी आता माडीवरच्या सज्जात आहे. दारास वरच्या बाजूने कडी आहे. कोणी पाहावयास आलेच, तर आम्ही प्रथम विषाची गोष्ट सांगतो. लिनीअस वेळ उरल्यास.