पंक्तिप्रपंच

'निष्ठा' हा शब्द आपल्याकडे फार जपून वापरण्याची रीत होती. स्वामिनिष्ठा, गुरुनिष्ठा, ध्येयनिष्ठा असे त्याचे भारदस्त सोबती. त्यांच्या शेजारीं 'हॉटेलनिष्ठा' हाहि एक शब्द येऊन बसेल असें कोणी सांगितलें असतें, तर आमच्या पिढीनें तें थट्टेवारीच नेलें असतें. परंतु आज आमच्याच घरांतील माझा पुतण्या वर्षाकांठीं पन्नास-साठ रात्री परगांवीं काढतो, आणि कोठें उतरावयाचें हें ठरवितांना खोली, भाडें किंवा कामाचें ठिकाण यांच्याहि आधीं 'माझें खातें कोणाकडे आहे' याचा विचार करतो. ह्या खात्याला लॉयल्टी प्रोग्रॅम म्हणतात. एकाच कंपनीच्या हॉटेलांत वारंवार उतरावें, रात्री मोजल्या जाव्यात, गुण सांचावेत आणि त्या प्रमाणांत मानपान वाढावा, अशी ही योजना आहे.

कल्पना मूळची विमानवाल्यांची. १९८१ सालीं अमेरिकन एअरलाइन्सनें आपल्या नेहमींच्या उतारूंचे मैल मोजावयास प्रारंभ केला. दोनच वर्षांनीं, १९८३ सालीं, हॉलिडे इन व मॅरियट या हॉटेलवाल्यांनीं तोच कित्ता गिरविला. १९८७ सालीं हिल्टन आणि हयात त्यांना येऊन मिळाले. १९९९ मध्यें स्टारवुड नांवाच्या कंपनीनें बक्षिसाच्या खोलीसाठीं वर्षांतील कोणताहि दिवस वर्ज्य न ठेवण्याचें वचन देऊन मोठाच लौकिक मिळविला. जुने प्रवासी अजून त्या योजनेचें नांव हळहळीनें काढतात. कारण २०१६ सालीं मॅरियटनें ती कंपनी विकत घेतली आणि सारीं खातीं एकत्र करून पुढें २०१९ च्या फेब्रुवारींत त्यांस बॉनव्हॉय हें नवें नांव दिलें. पुढें २०२२ सालीं बक्षिसाच्या खोल्यांचें ठराविक कोष्टकहि गेलें. आतां त्यांची किंमत बाजारभावाप्रमाणें चढते-उतरते.

या बॉनव्हॉयच्या पायऱ्या ऐकल्या म्हणजे एखाद्या सराफाच्या दुकानांत शिरल्याचा भास होतो. वर्षांत १० रात्री काढल्या कीं रौप्य, २५ ला सुवर्ण, ५० ला प्लॅटिनम, ७५ ला टायटेनियम. आणि १०० रात्रींबरोबर भरभक्कम खर्चहि केला तर त्याच्याहि वरचें पद. धातु जसा मौल्यवान, तसा सत्कार अधिक. वरच्या दर्जाची खोली, दुपारीं चार वाजेपर्यंत ती न सोडण्याची मुभा, फराळ, आणि लाउंज नांवाच्या राखीव दालनांत चहापाणी. २०२३ पासून तर एका भारतीय बँकेचें असें कार्ड निघालें आहे, कीं एकहि रात्र घराबाहेर न काढतां रौप्यपद घरबसल्या मिळतें!

हें सारें ऐकून मला आठवण होते ती आपल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांची. नाशिकास किंवा त्र्यंबकेश्वरास जाऊन आडनांव व मूळ गांव सांगावें, कीं उपाध्याय आपलें बाड उलगडतात आणि आपल्या पणज्यानें कोणत्या शकांत तेथें येऊन काय विधि केला, तें त्याच्याच अक्षरांत दाखवितात. उतरण्याची सोयहि पूर्वीं त्यांच्याकडेच होत असे. सधन यजमानाकडे उपाध्यायांचा ओढा थोडा अधिक असे हें खोटें नाहीं. पण त्या वहींत नोंद असते ती कुळाची. आजोबा, चुलते, त्यांच्या लेकीसुना, सर्व एका पानावर. हॉटेलच्या खात्यांत मात्र नोंद असते ती एकट्या माणसाची. वरवर लहान दिसणारा हा फरक प्रत्यक्षांत किती मोठा आहे, हें गेल्या वर्षीं आमच्या प्रत्ययास आलें.

नात्यांतील एका लग्नासाठीं आम्ही घरचीं सहा माणसें बंगळूरास गेलों होतों. माझी चौऱ्यायशीं वर्षांची आई, मी, आमचें कुटुंब, पुतण्या, सूनबाई आणि त्यांची पांच वर्षांची मुलगी. पुतण्यानें हौसेनें आपल्या खात्यावर तीन खोल्या घेतल्या होत्या. "आजी, या खेपेस तुझी राजेशाही व्यवस्था," असें तो निघण्यापूर्वीं आठ दिवस सांगत होता.

हॉटेलच्या चौकटीवर एका हंसतमुख मुलीनें त्याचें नांव घेऊन स्वागत केलें. त्याच्या पसंतीची नोंद त्यांच्या यंत्रांत होतीच: उंच मजला, लिफ्टपासून दूर, कोपऱ्यावरची शांत खोली. एकट्या तरुणानें एकट्यासाठीं लिहून ठेवलेली ही पसंती त्यांनीं मोठ्या तत्परतेनें तिन्ही खोल्यांस लागू केली होती! काठी टेकीत चालणाऱ्या आईला अकराव्या मजल्यावरचा तो लांबच लांब बोळ तुडवावा लागणार, आणि तोहि खास बहुमान म्हणून. मग फराळाचा विषय निघाला. मुलगी अत्यंत विनयानें म्हणाली, कीं खोल्या तीन असल्या तरी सवलत खातेदाराच्या एकाच खोलीला आहे, आणि लाउंजमध्यें खातेदार व त्याच्याबरोबर आणखी एकच माणूस जाऊं शकेल. बाकीच्यांना पानामागें जो दर तिनें सांगितला, त्यांत आमच्या घरचा आठवड्याचा भाजीपाला आला असता.

आईला इंग्रजी येत नाहीं. "काय म्हणते आहे ती?" असें तिनें विचारलें. पुतण्यानें शरमिंद्या स्वरांत समजावून सांगितलें. आई म्हणाली, "म्हणजे एकाच पंगतींत दोघांना तूप आणि बाकीच्यांना कोरडा भात? आमच्याकडे याला पंक्तिप्रपंच म्हणत. यजमानाला पाप लागतें त्याचें."

पुतण्या हिरमुसला. आपण पैसे भरून सर्वांना नेतों असें तो म्हणूं लागला. आईनें मान हलविली. "तुम्ही दोघें जा बरें. तुझ्या कष्टाचें आहे तें." तेव्हां इतका वेळ मुलीला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या सूनबाई हलकेच म्हणाल्या, "त्या पन्नास रात्री मीहि मोजल्या आहेत, आजी. हिला ताप असतांना, हिच्या शाळेच्या पहिल्या दिवशीं. मला कांहीं कोणी कार्ड दिलें नाहीं."

त्यांत राग नव्हता; हिशेब सांगावा तसें त्या बोलल्या. पुतण्या कांहीं बोलला नाहीं. त्यानें मुलीला आपल्याकडे घेतलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही सहाहि जणें कोपऱ्यावरच्या उडुपी उपाहारगृहांत जाऊन इडली खाऊन आलों. लाउंजचें नांव कोणीं काढलें नाहीं.

त्या चौकटीवरच्या मुलीबद्दल मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. आईची काठी पाहून तिनें कोणीं न सांगतां यंत्रांत पुन्हा शोध केला, दुसऱ्या मजल्यावर लिफ्टला लागून असलेली एक साधी खोली तिच्यासाठीं काढून दिली, आणि न्हाणीघरांत बसावयास स्टूल पाठविलें. कोणत्याहि धातूच्या सवलतींत या स्टुलाचा उल्लेख नाहीं.

घरीं आल्यावर पुतण्यानें मला या व्यवहाराचें मर्म उलगडून सांगितलें, आणि पुष्कळ भांडणांचें मूळ माझ्या ध्यानांत आलें. दारावर जिचें नांव झळकतें, त्या कंपनीच्या मालकीचें तें हॉटेल बहुतेक वेळां नसतेंच. इमारत कोणा स्थानिक धनिकाची. कंपनी केवळ नांव देते किंवा कारभार पाहते. वचन देते कंपनी, आणि तें पाळावयाचें मालकानें. फराळाचा व लाउंजचा खर्च त्याच्या माथीं. गुणांपोटीं पाहुण्याच्या बिलांतून कांहीं हिस्सा कंपनीच्या योजनेला द्यावयाचा, तोहि त्यानेंच. मग रिकामी असलेली मोठी खोली फुकट देण्यापेक्षां रात्रीं उशिरा तरी गिऱ्हाईक येईल या आशेनें त्यानें ती राखून ठेवली, तर त्यांत नवल काय? खातेदार हातांतल्या फोनवर तीच खोली विक्रीस असलेली दाखवितो, आणि चौकटीवरचा कारकून 'खोली नाहीं' म्हणतो. दोघेहि आपापल्या परीनें खरेंच बोलत असतात. कारण करारांत 'उपलब्धतेनुसार' हा शब्द आहे, आणि उपलब्ध काय हें ठरविण्याचा अधिकार हॉटेलकडे आहे. चार वाजेपर्यंतची मुभादेखील विश्रामस्थानें व मोठ्या सभागृहांचीं हॉटेलें यांत हक्काची नाहीं. तेथेंहि पुन्हा तोच शब्द. आणि खोली जर कोणा मध्यस्थाच्या संकेतस्थळावरून घेतली असेल, तर बहुधा गुणहि नाहींत आणि मानहि नाहीं.

मग यांतील कोणती योजना पत्करावी, असें आमच्यासारख्या मोठ्या कुटुंबांतले कोणी विचारतील. माझ्या मतें धातूंचीं नांवें बाजूला ठेवावींत आणि डोकीं मोजावींत. हयातच्या सर्वांत वरच्या पायरीचा फराळ खोलींतल्या दोन प्रौढांना व दोन मुलांना मिळतो. पण त्या पायरीस वर्षांत ६० रात्री लागतात आणि त्यांचीं हॉटेलें संख्येनें थोडीं. बॉनव्हॉयचीं हॉटेलें गांवोगांव आढळतात, पण लाउंजचें दार दोघांपुरतेंच उघडतें. एकट्या फिरणाऱ्या नोकरदाराला दुसरी योजना सोयीची पडेल, लेंकुरवाळ्या जोडप्याला पहिली. वर्षांतून एकदां यात्रेस किंवा लग्नास जाणाऱ्या घराला यांपैकीं कशाचीच गरज नाहीं. स्वच्छ खोली आणि रास्त भाडें यांतच त्यांचें हित आहे.

ज्यांच्या घरांत असें खातें आहे, त्यांनीं दोन-तीन गोष्टी पाळाव्या. खोली थेट हॉटेलकडूनच घ्यावी. निघण्याच्या आदल्या दिवशीं फोन करून, बरोबर कोण आहेत आणि त्यांतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला काय लागतें, तें स्पष्ट सांगावें. यंत्रांतल्या जुन्या पसंतीवर विसंबूं नये. सवलत मिळाली नाहीं तर शांतपणें करारांतलें कलम दाखवावें. कांहीं सवलतींसाठीं रोख भरपाईचीहि तरतूद असते. पण चौकटीवरच्या मुलामुलींवर आवाज चढवूं नये. करार त्यांनीं लिहिलेला नाहीं. आणि डिसेंबर उजाडला, चार रात्री कमी पडतात, म्हणून आपल्याच गांवच्या हॉटेलांत निजावयास जाणारे महाभाग निघाले आहेत असें ऐकतों. त्यांनीं त्या चार रात्री घरीं काढून पाहाव्या, एवढेंच सुचवितों.

आतां शेवटचा विचार, आणि तो आपल्याच घराविषयीं. आईचा 'पंक्तिप्रपंच' हा शब्द मला मनापासून पटला. पण पुढें कित्येक दिवस सूनबाईंचें तें एक वाक्य माझ्या कानांत राहिलें, आणि त्या दोन उद्गारांचा मेळ मी मनाशीं घालूं लागलों. आपल्या घरांतून ह्या पायऱ्या कधींच नव्हत्या काय? जांवई आला कीं त्याच्या पानांत पहिलें तूप, त्याच्यासाठीं खालची गादी. आणि जिच्यामुळें तो जांवई झाला ती लेक स्वयंपाकघरांत. पुरुषांची पंगत आधीं, मुलांची नंतर, आणि जिनें सकाळपासून चुलीपाशीं घाम गाळला ती सर्वांच्या शेवटीं, उरलेल्यावर. तिच्या रात्री कोणीं मोजल्या नाहींत, तिला कोणीं रौप्य-सुवर्ण दिलें नाहीं. हॉटेलवाल्यांनीं फार तर एवढेंच केलें, कीं जें आपण न बोलतां पाळीत आलों, तें त्यांनीं छापून काढलें आणि त्याला धातूंचीं नांवें दिलीं.

हॉटेलची पंगत आपल्या हातांत नाहीं. तेथें वाढणारा आपल्या नफ्याकडे पाहूनच वाढणार. घरची पंगत मात्र अद्याप आपल्या हातांत आहे. हल्लीं आमच्याकडे रविवारीं दुपारीं सर्वांचीं पानें एकदमच मांडतात. वाढावयास पुतण्या उठतो, आणि तूप वाढावयास तो सूनबाईंच्या पानापासून सुरुवात करतो. आई तें पाहते. पंक्तीचा क्रम चुकला असें ती अजून एकदांहि म्हणालेली नाहीं.