ब्लेड कोणते घ्यावे?

आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलाने बँकेच्या मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी मला बाजूला घेऊन विचारले, "काका, दाढी केली की गळ्यावर लाल पुरळ उठते. उद्या तसेच जावे लागणार. ब्लेड कोणते चांगले?" अर्थशास्त्रावरचा प्रश्न विचारील म्हणून मी तयारीत होतो. त्याला तेवढ्यापुरते जे सांगायचे ते सांगितले. परंतु हा प्रश्न आपल्या घराघरांतला आहे आणि त्याचे उत्तर एका वाक्यात मावणारे नाही, म्हणून हा लेख. घरची मंडळी हसली. "अहो, आता ब्लेडवरही लिहिणार का?" असे विचारणे झाले. वाचक बंधुभगिनींनीही हवे तर हसावे, पण पुढे वाचावे.

मी कारकून माणूस, शिक्षण बी.कॉम. कोणत्याही गोष्टीची वही घातल्याशिवाय मला चैन पडत नाही. देवनारच्या बाजारातून सहा प्रकारच्या ब्लेडांची पाकिटे आणली. रेझर एकच, आपला नेहमीचा दुधारी पात्याचा, स्क्रू फिरवून उघडायचा. क्रीम एकच, ब्रश एकच, वेळ सकाळी सहाची, म्हणजे नळाला पाणी असते ती. वहीत रकाने आखले : तारीख, ब्लेड, कितवी दाढी, ओढ, जळजळ, रक्त. माणसाचे मन नावाला भुलते, म्हणून ब्लेड रेझरमध्ये बसवून देण्याचे काम माझ्या भाच्याकडे दिले. कोणते बसवले ते त्याने आपल्याजवळ लिहून ठेवायचे, मला फक्त क, ख, ग अशी अक्षरे सांगायची. "मामा, आज 'घ' आहे, सांभाळून," असे तो मुद्दाम म्हणे आणि माझा हात थरथरे. दोन महिने हा उद्योग चालला.

निष्कर्ष असा की सहाही ब्लेडे पहिल्या दिवशी दाढी करतात. फरक दुसऱ्या गोष्टींत आहे. एक ब्लेड इतके तीक्ष्ण निघाले की गालावरून गेल्याचे कळले नाही, पण गळ्यावर मात्र दोन्ही दिवस टिपूस आले. दुसरे एक मऊ चाले, पण तिसऱ्या दाढीला केस कापण्याऐवजी उपटू लागले. माझे खुंट राठ आहेत, त्यांना सेव्हन ओक्लॉकचे ब्लेड मानवले. पाच दाढ्या निर्वेध झाल्या आणि सहाव्याला ओढ जाणवली. माझ्या धाकट्या भावाची दाढी विरळ व कातडी नाजूक. त्याने तीच सहा पाकिटे वापरली आणि टोपाझ पसंत केले. माझे आवडते त्याला जाळणारे वाटले! सख्ख्या भावांची ही गत. बाकीच्या चारांची नावे मी देत नाही, कारण जे माझ्या गालावर अडले ते तुमच्या गालावर लोण्यासारखे चालेल. तेव्हा पाकिटे छोटी घ्यावीत, एका वेळी एकच वस्तू बदलावी आणि एका दाढीवरून निकाल देऊ नये. ब्लेड, क्रीम आणि रेझर तिन्ही एकदम बदलणाऱ्याला गुण कशाचा आणि दोष कशाचा हे कधीच कळत नाही.

ही पाती दिसायला सारखी असून वागायला निराळी का, हेही पाहण्यासारखे आहे. ब्लेडची जाडी जेमतेम एक दशांश मिलिमीटर. किंग जिलेट या अमेरिकनाने असे पातळ, बदलता येणारे पाते १९०३ साली विक्रीस आणले. पहिल्या वर्षी त्याचे अवघे ५१ रेझर खपले. ती पाती साध्या पोलादाची, ओली राहिली की गंजणारी. ब्रिटनच्या विल्किन्सन स्वोर्ड कंपनीने १९६२ साली न गंजणाऱ्या पोलादाचे ब्लेड बाजारात आणले, तेव्हापासून स्टेनलेसचे युग सुरू झाले. पोलादात साधारण तेरा टक्के क्रोमियम असते. धार लावल्यावर तिच्यावर क्रोमियम, प्लॅटिनम अशा धातूंचा अतिसूक्ष्म थर देतात आणि वर टेफ्लॉनचा, म्हणजे आपल्या न चिकटणाऱ्या तव्याचाच. कुणाचा थर जाड, कुणाचा पातळ, कुणाची धार उभी, कुणाची पसरट. सगळी गंमत त्यात आहे.

आणि पोलादाची धार केसाने बोथट कशी होते? केस तर पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ. या कोड्यावर २०२० साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात उत्तर दिले. त्यांच्यापैकी एकजण स्वतःची दाढी करून ब्लेड सूक्ष्मदर्शकाखाली धरी. धार झिजून गोल होण्याऐवजी तिचे बारीक टवके उडतात, असे त्यांना आढळले. केस वाकून आडवा आला आणि नेमका धारेच्या कच्च्या जागी लागला, की टवका निघतो. म्हणून केस मऊ करून घेणे हे ब्लेडच्या निवडीइतकेच महत्त्वाचे. कोमट पाण्याने चेहरा दोन-तीन मिनिटे भिजू द्यावा, फेस ब्रशने घोळवावा, रेझरचा दांडा गालापासून तिरपा धरावा आणि दाब मुळीच देऊ नये. पहिला हात सुलट, केसांच्या दिशेने. उलट हात मारायचाच तर पुन्हा फेस लावून. गळ्यावर तर उलट हात मारूच नये. अभ्यासिकेतल्या त्या मुलाची चूक इथेच होती. पाच पात्यांचे महागडे रेझर घेऊन तो कोरड्या गळ्यावर उलटे घासत होता. दुधारी ब्लेड तीन रुपयांच्या आसपास मिळते आणि पाच दाढ्या देते, म्हणजे दाढीला साठ पैसे. त्याचे एक कार्ट्रिज शंभराच्या पुढे. नोकरी लागण्यापूर्वी हा खर्च कशाला?

एक गोष्ट मात्र काटेकोर पाळावी. ब्लेड आपले ते आपले. वसतिगृहात, गावाकडे लग्नकार्यात एकाच रेझरने तिघे-चौघे दाढी उरकतात. कावीळ-बी चा विषाणू शरीराबाहेर सात दिवसपर्यंत जिवंत राहू शकतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्तातूनही जातो. सलूनमध्ये बसलात तर नवे ब्लेड आपल्यासमोर मोडून वस्तऱ्यात घालायला सांगावे. आमच्या देवनारचे कारागीर न सांगताच कागदासकट ब्लेडचे दोन तुकडे करतात आणि अर्धे वापरतात.

सलूनचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमचे वडील १९७२ च्या दुष्काळात आजच्या जालना जिल्ह्यातून मुंबईला आले. गावी त्यांच्या डोक्याला कधी न्हाव्याचा हात लागला नव्हता. गावचा न्हावी म्हशी भादरी, पण वाड्यातल्या माणसाला शिवत नसे. आमचे चुलत आजोबा कात्रीने सगळ्यांचे केस कापत, दाढी वाढली तर वाढली. मुंबईत पहिला पगार झाला तेव्हा वडिलांनी एक सेफ्टी रेझर, एक आरसा आणि एक पाकीट ब्लेड घेतले. ब्लेड बोथट झाले की ते काचेच्या ग्लासाच्या आतल्या बाजूस बोटाने दाबून घासत आणि आणखी चार दाढ्या काढत. त्या वेळी आम्हा मुलांना ती काटकसर वाटे. पण दाढी झाल्यावर ते आरशात बराच वेळ बघत उभे राहत, त्याचा काटकसरीशी संबंध नव्हता.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत साताऱ्याच्या बालपणाचे लिहिले आहे. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. साताऱ्यात न्हावी होते, घरात पैसे देण्याची ऐपत होती, तरी मुलांची हजामत थोरली बहीण करी आणि सरावाने ती त्यात तरबेज झाली होती. कारण एकच, अस्पृश्याला हात लावायला न्हावी तयार नव्हता. सुभेदाराच्या घरची ही स्थिती, मग जालन्याच्या शेतमजुराची काय सांगावी? १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने सेवा नाकारणे हा गुन्हा ठरवला. १९७६ पासून तोच नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. तरीही २०२५ च्या ऑगस्टमध्ये गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यातील आलवाडा गावात दलितांचे केस गावातल्या सलूनमध्ये प्रथमच कापले गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या. कायदा झाल्यानंतर सत्तर वर्षांनी!

यात नाभिक बांधवांना दोष देऊन भागणार नाही. तेही बलुतेदार, गावाच्या धाकाखालीच जगणारे. याच नाभिकांनी १८९० साली मुंबईत, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने एकत्र येऊन, विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही असे ठरवले होते. वस्तरा खाली ठेवून केलेली अशी चळवळ दुसरीकडे क्वचितच सापडेल. असो.

आता वापरलेल्या ब्लेडाचे काय, हा प्रश्न दुसऱ्या उपनगरातला माणूस कदाचित विचारणार नाही. आम्हा देवनारकरांना तो टाळता येत नाही. १९२७ सालापासून मुंबईचा कचरा आमच्या उशाशी पडत आला. सव्वातीनशे एकरांवर त्याचे डोंगर झाले. त्या डोंगरावर वेचणाऱ्या बायका आणि मुले बहुतांशी आपलीच, नाहीतर आपल्यासारखीच गरीब. कुणीतरी बाथरूमच्या खिडकीतून किंवा ओल्या कचऱ्यात सोडलेले ब्लेड शेवटी त्यांच्या बोटाला लागते. आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी मला हाताचा पंजा दाखवला. तर्जनीवर आडव्या तीन रेघा. "भाऊ, काच चमकते म्हणून कळते तरी. ब्लेड कागदात भाकरीसारखं निजलेलं असतं," त्या म्हणाल्या. हातमोजे दिले होते, पण मोज्याने प्लास्टिकची जात ओळखता येत नाही, म्हणून त्या काढून ठेवतात. त्यांचे म्हणणे खरे आहे, हात हेच त्यांचे मोजमाप.

कागदात गुंडाळून टाकणे म्हणूनच पुरेसे नाही. पावडरचा किंवा तुपाचा पत्र्याचा रिकामा डबा घ्यावा, झाकणावर हातोडी-छिन्नीने ब्लेड आत जाईल एवढी फट पाडावी आणि झाकण चिकटपट्टीने पक्के करावे. वापरलेले ब्लेड फटीतून आत, ते परत बाहेर येत नाही. डबा भरला की वर 'ब्लेड' असे ठळक लिहून भंगारवाल्याच्या हातात द्यायचा, कचऱ्यात नाही. पोलादच ते, डब्यासकट वितळते. आमच्या चाळीत सव्वीस खोल्यांपैकी एकोणीस खोल्यांत असा डबा आहे. उरलेल्या सात खोल्यांतल्या दोन दाढीवाल्यांनी ठेवलेल्या आहेत, पाच ठिकाणी बोलणी चालू आहेत.

डबा मोठा लागेल अशी शंका काहींनी घेतली. त्यांच्यासाठी हिशेब देतो. आठवड्याला एक ब्लेड म्हणजे वर्षाला बावन्न. एकावर एक रचली तर उंची सव्वापाच मिलिमीटर. आत ती अस्ताव्यस्त पडतात हे धरूनही, माझा पावडरचा डबा तीन वर्षांत अजून अर्धा भरलेला नाही.