परक्या द्राक्षबागेत

परदेशी जाऊन आलेल्या बाईला पहिला प्रश्न विचारतात तो "काय काय पाहिलं?" आणि दुसरा, "खायचे हाल झाले असतील ना?" दोन्हींची उत्तरं देते, मैत्रिणींनो, पण जरा दमानं. आमचा प्रवासच दमानं केलेला होता. आठ दिवसांत सात देश, असली सहल नव्हती ती. तीन आठवडे, एकच मुक्काम, आणि मनाला येईल तेव्हा उठून जवळपास कुठंतरी जाऊन यायचं.

आमचे चिरंजीव चाकणच्या एका जर्मन मोटार कारखान्यात आहेत. कारखान्यानं त्याला दोन वर्षांसाठी श्टुटगार्टला पाठवलं, सूनबाईही गेल्या. मग फोनवर रोज एकच धोशा, "आई, बाबांना घेऊन या." ह्यांचं उत्तर ठरलेलं, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही! पिंपरीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं तीन पाळ्यांत काढलेला माणूस. सुट्टी म्हणजे गावची जत्रा, नाहीतर कुणाचं तरी लग्न. आमच्या लग्नानंतर महाबळेश्वरला गेलो होतो, तेही दोन रात्री. तिसऱ्या दिवशी ह्यांची रात्रपाळी. शेवटी मी भिशीचे पैसे उचलले, शिवणाचे साठवलेले त्यात घातले आणि सांगितलं, "माझं तिकीट मी काढतेय. तुमचं तुम्ही बघा." मग काय, निघाले.

गौरी-गणपती उरकले आणि आम्ही विमानात बसलो. "पितृपक्षात कुणी प्रवासाला निघतं का?" असं शेजारच्या काकूंनी विचारलंच. पण तिकडची द्राक्षतोडणी नेमकी त्याच दिवसांत असते आणि मला तीच पाहायची होती. माझं माहेर नारायणगावचं. चाकणहून नाशिकच्या रस्त्यानं तासाभरावर. लोकांना ते गाव तमाशामुळं माहीत, आम्हां पोरींना मात्र द्राक्षांमुळं. वडिलांची बाग होती. शाळेतून आलं की दप्तर टाकून मांडवाखाली जायचं आणि घडांतले दाट मणी कात्रीनं विरळ करायचे. १९८० नंतरच्या दशकात आमच्याच भागात वाइनचा कारखाना निघाला, तिथली 'ओमर खय्याम' नावाची फसफसणारी वाइन परदेशात जाऊ लागली, तेव्हा वडील कपाळाला हात लावून म्हणाले होते, "आपण खायला पिकवतो, आता लोक प्यायला पिकवणार!"

श्टुटगार्ट हे शहर परातीसारखं आहे. मधे वस्ती, भोवती डोंगर, आणि त्या डोंगरांवरून द्राक्षांचे मळे थेट शहरात उतरलेले. चारशेच्या वर दगडी जिने आहेत म्हणे शहरात, पूर्वी मळेवाल्यांच्या जायच्या-यायच्या वाटा होत्या त्या. आपल्या मुंबईशी या शहराचं १९६८ पासून भगिनी-नातं आहे, हे मला तिथं गेल्यावर कळलं. उंटरट्युर्कहाइम म्हणून एक भाग आहे. खाली नदीकाठी मोटारींचा प्रचंड कारखाना आणि त्याच्या डोक्यावर डोंगरभर द्राक्षबागा. हे कारखान्याकडं बघत उभे, मी बागांकडं. एकाच बाकावर बसून अर्धा तास दोघं दोन दिशांना बघत होतो. हे म्हणाले, "चाकणला कारखाने आले आणि रान गेलं. इथं दोन्ही राहिलं." चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार अजून भरतो हो, पण भोवतालची रानं आठवून मीही गप्प बसले.

बागा चढून पाहिल्या. चढ असा की पदर खोचूनच चढावं लागतं. आपल्याकडं द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा, एप्रिलात खरड आणि ऑक्टोबरच्या सुमाराला फळाची. तिकडं एकदाच, हिवाळ्यात. थंडीत वेल झोपते, पानं गळतात, वसंतात आपणहून उठते. आपल्या हवेत वेल झोपत नाही, तिला छाटून जागी करावी लागते. मांडव नाही, तारांवर उभ्या रांगा. घड लहान, मणी बारीक, सालं जाड. मी एक मणी तोंडात टाकला तर बीच दाताखाली आलं! १९ व्या शतकात अमेरिकेतून आलेल्या एका बारक्या किड्यानं युरोपभरच्या बागांची मुळं पोखरली. तेव्हापासून खाली अमेरिकन खुंट आणि वर आपली काडी, असं कलम करतात. आपले बागाईतदारही 'डॉगरिज'च्या खुंटावर कलम करतात ना, तसंच. हे सगळं मी सांगत होते आणि मुलगा तोंडाकडं बघत होता. "आई, तुला हे कुठनं माहीत?" छत्तीस वर्षांत कधी विचारलंच नाही कुणी, तर सांगणार कुणाला?

आता घरच्या गोष्टी. मेतकूट, भाजणी, लिंबाचं गोड लोणचं आणि गव्हाचा चीक नेला होता, तेवढ्यावर निभावलं. भाज्या, दूध, दही उत्तम. 'माउलटाशं' नावाची करंजीसारखी चौकोनी गोष्ट दिसली तर विचारून घ्या, आत बहुधा मांस असतं. रविवारी दुकानं बंद, त्यामुळं शनिवारीच भरून ठेवायचं. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात घातल्या की बाटलीमागं पंचवीस सेंट परत मिळतात. आमच्या ह्यांना तो छंदच लागला. आणि सगळ्यांत गंमत म्हणजे 'केरवोखे', केराचा आठवडा. इमारतीतला जिना आणि अंगण झाडायची पाळी दर आठवड्याला एकेका बिऱ्हाडाकडं येते. दाराला पाटी लटकली की समजायचं, आता आपण! शहराचा तसा नियम १९८८ साली रद्द झाला, पण घरभाड्याच्या करारातून प्रथा टिकून आहे. त्या आठवड्यात पाळी आमच्या सूनबाईंची होती. ह्यांनी पाटी बघितली, विचार केला, आणि झाडू उचलला. म्हणाले, "पाळी म्हटली की मला कळतं." छत्तीस वर्षांत घरात कधी केर न काढलेला माणूस परक्या देशातला जिना झाडत होता! मी फोटो काढून ठेवलाय.

एक दिवस ऱ्हाइन ओलांडून फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला गेलो, दोन रात्री कोलमारला राहिलो. त्या आल्सास प्रांतातला वाइनचा रस्ता १९५३ साली आखलेला, सुमारे १७० किलोमीटरचा. गाव म्हणजे खेळण्यातलं घर, खिडक्यांत जिरेनियम, धुराड्यांवर करकोच्यांची घरटी. या प्रांतानं १८७१ ते १९४५ मधे चार वेळा देश बदलला. माणसं तीच, घर तेच, सरकार मात्र दुसरंच. सुंदर आहे सगळं, पण फार गर्दी. मला आमचे डोंगरच बरे वाटले.

वाइन घेतली का, हे विचारायचं तुमच्या मनात असणार. घेतली. तिकडं ती दांडीच्या ग्लासातून पितात, आपल्या चहाच्या कपासारख्या. पाव ग्लास घेतली आणि आंबट तोंड केलं. नवी वाइन म्हणजे अजून फसफसत असलेला रस, तो मात्र आवडला. कांद्याच्या गरम पोळीसारख्या पदार्थाबरोबर देतात. पण एक सांगून ठेवते. त्या बाटलीचं बूच घट्ट नसतं, आतला वायू बाहेर जायला ते सैलच ठेवतात. मला ठाऊक नव्हतं. मी शहाणीनं बाटली पिशवीत आडवी ठेवली आणि जाऊबाईंसाठी घेतलेल्या शालीचं जे व्हायचं ते झालं.

वाइन्सबेर्ग नावाचं गाव आहे. तिथं टेकडीवर पडका किल्ला, त्याचं नाव 'वाइबरट्रॉय', म्हणजे बायकांची निष्ठा. ११४० साली राजा कोनराडनं किल्ल्याला वेढा घातला. गड पडला तेव्हा तो म्हणाला, बायकांना सोडतो, पाठीवर नेता येईल तेवढं न्या. बायका दार उघडून बाहेर आल्या त्या नवऱ्यांना पाठीवर घेऊन! राजानं शब्द पाळला. ह्यांना लगेच चाकणचा संग्रामदुर्ग आठवला. १६६० साली शाइस्तेखानाच्या फौजेपुढं फिरंगोजी नरसाळा जवळजवळ दोन महिने झुंजला, तो किल्ला. बुरुजावर बसून हे म्हणाले, "तू काय नेलं असतंस?"
"वजन किती तुमचं?"
"अठ्ठ्याहत्तर."
"मग दागिने."
दोघंही खूप हसलो. कितीतरी वर्षांनी इतकं हसलो.

परतताना एका 'बेझन'मधे शिरलो. बेझन म्हणजे झाडू. मळेवाले आपल्याच घरात वर्षातून फार तर चार महिने, चाळीस माणसं बसतील एवढीच खानावळ चालवतात, वाइन फक्त आपल्या मळ्यातली, आणि चालू आहे हे कळायला दाराबाहेर झाडू टांगतात. आपण लक्ष्मी म्हणून पाय लागू देत नाही, तो तिकडं दारावर मिरवतो! मालकीण माझ्याच वयाची, हात माझ्या आईसारखे, नखांत माती. मी मुलामार्फत तिला विचारलं, बाग कुणाची? ती म्हणाली, माझी. वडिलांच्या मळ्याचे सारखे वाटे झाले, दोन भाऊ आणि मी. त्या मुलखात वारसाची जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटायची जुनी रीत आहे, मुलीसुद्धा त्यात. म्हणून तर तिथल्या बागा चिंध्यांसारख्या लहान लहान. मी विचारलं, "लग्न झाल्यावरही तुमचीच राहिली?" मुलानं विचारलं. तिला प्रश्नच समजला नाही. त्यानं पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "लग्नाचा काय संबंध?" आणि मग तिनं उलट विचारलं, "तुमच्या वडिलांची बाग आता कुणाकडं असते?"

मुलगा थांबला. मी म्हटलं, "भावाकडे आहे म्हणून सांग." त्यानं सांगितलं.

मैत्रिणींनो, २००८ साली मी तालुक्याच्या गावी जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली. वडील आदल्या वर्षी गेले होते. भावानं फोन केला, "अक्का, एक सही हवीय." बहिणी सह्या देतातच, तशी मीही दिली. कागद वाचला नाही. दुपारी जेवण झालं, भावजयीनं साडी नेसवली, ओटी भरली, संध्याकाळच्या एसटीनं मी घरी. १९९४ साली आपल्या राज्यानं मुलींना वाटा दिला, पण आधीच लग्न झालेल्या माझ्यासारख्या त्यात बसत नव्हत्या. २००५ साली सबंध देशाचा कायदा बदलला आणि मुलगी, लग्न झालेलीसुद्धा, वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच हक्कदार झाली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानंही ते पक्कं केलं. म्हणजे मी सही केली तेव्हा माझा हक्क तीन वर्षांचा होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. नोंदवलेला कागद सहजी मागं फिरत नाही, तेही आता समजलंय. भावाचं वाईट व्हावं असं नाही हो मनात. त्यानं बाग राखली, दुष्काळात टँकरनं पाणी घातलं. वाटा मागितला असता की नाही, हेही सांगता येत नाही. पण मला तसं कुणी विचारलंच नाही, आणि मीही विचारलं नाही.

रात्री जेवताना मी विषय काढला. आमचा चिंचवडचा फ्लॅट ह्यांनी मुलाच्या एकट्याच्या नावानं करायचं ठरवलं होतं. मुलगी नाशिकला, तिचं चांगलं चाललंय, म्हणून. मी म्हटलं, "मृत्युपत्रात दोघांची नावं घाला." मुलगा ताटाकडं बघत राहिला. हे म्हणाले, "बघू." तेव्हा सूनबाई, ज्या आमच्यासमोर फार बोलत नाहीत, हळूच म्हणाल्या, "आई, माझ्या बाबांचाही परवा फोन आला होता. सहीसाठी. मी अजून काही सांगितलेलं नाही." कुणीच बोललं नाही मग. भाकरीचा तुकडा मोडायचाही आवाज मोठा वाटत होता. सकाळी हे चहा घेताना म्हणाले, "दोघांची घालू." एवढंच. वकिलाकडं जाऊन ते काम झालंसुद्धा.

परत आल्यावर कोजागिरीला माहेरी गेले. बागेत फळछाटणी चालू होती. भाऊ कात्री घेऊन रांगेत उभा. मी तिकडच्या छाटणीचं सांगत होते, त्याला फार नवल वाटत होतं. मग म्हटलं, "त्या वर्षी माझी सही घेतलीस, तो कागद तू तरी वाचला होतास का रे?"

कात्री थांबली. "अक्का, तुला काही कमी पडलं का?"

"कमी नाही पडलं. विचारतेय."

तो काडीवरचे डोळे मोजायला लागला, मोजलेलेच पुन्हा मोजले. भावजय चहा घेऊन बांधावर आली होती, ती तिथंच उभी राहिली. तिनंही तिच्या भावांना सही दिलेली आहे, मला माहीत आहे. भाऊ म्हणाला, "चहा घे आधी, मग बोलू."

बोलणं अजून व्हायचं आहे. भाऊबीजेला तो आमच्याकडं येणार आहे.