पुनर्वाटपाचा तक्ता

मी आज जे काम करते, त्यातलं निम्म्याहून अधिक मला एका निवृत्त अधिकाऱ्यांनी शिकवलं. 1999 साली मी अहमदाबादला सेप्टमध्ये नियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला दाखल झाले, तेव्हा ते आठवड्यातून एकदा दुपारच्या तासाला यायचे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकावणारे गुंडाळलेले नकाशे. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण नाव छापून आलेलं त्यांना आवडायचं नाही. आम्ही त्यांना ‘सर’ म्हणायचो.

मी या विषयाकडे वळले ती रागापोटी. आमच्या गावच्या विकास आराखड्यात आजोबांच्या पंधरा गुंठ्यांवर क्रीडांगणाचं आरक्षण पडलं होतं. नगरपालिकेकडे जमीन घ्यायला पैसे नव्हते आणि आरक्षणामुळे आजोबांना तिथे काही बांधता येत नव्हतं. विकायला काढली तर गिऱ्हाईक आरक्षणाचं ऐकून परत फिरायचं. महाराष्ट्राच्या 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात कलम 127 आहे. आराखडा अमलात येऊन दहा वर्षं उलटली, की मालकाने खरेदीची नोटीस द्यायची. मुदतीत जमीन घेण्याची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं. आजोबा ती दहा वर्षं पुरी व्हायच्या आधीच गेले. रस्त्यापलीकडच्या मळ्यावर आरक्षण नव्हतं. तिथे बंगले उठले आणि त्या बंगल्यांतली मुलं आमच्या पडीक जागेत क्रिकेट खेळायची. मुलांवर माझा राग कधीच नव्हता. गावाला मैदान हवं हेही मला पटत होतं. पण ते सगळं एकट्या आजोबांनीच का द्यायचं, हे मला कुणी सांगत नव्हतं.

पहिल्याच सत्रात मी हे वर्गात विचारलं. सरांनी तेव्हा उत्तर दिलं नाही. तास संपल्यावर पायऱ्यांवर गाठून त्यांनी स्वच्छ मराठीत विचारलं, “कुठल्या तुम्ही?” मी सांगली म्हटल्यावर ते म्हणाले, “मी पुण्याचा. म्हणजे नोकरीने पुण्याचा.”

द्विभाषिक मुंबई राज्य असताना, 1960 च्या आधी, ते नगररचना खात्यात सर्वेअर म्हणून लागले आणि पहिली नेमणूक पुण्याला झाली. खेडा जिल्ह्यातला मुलगा, मराठीचा गंध नाही. त्या कचेरीत एक वयस्कर आरेखक होते, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. कचेरी सुटल्यावर ते या मुलाला नारायण पेठेतल्या आपल्या खोलीवर घेऊन जायचे, आधी जेवू घालायचे आणि मग कंदिलाशेजारी तक्ता पसरायचे. नगररचना योजनेतला पुनर्वाटपाचा तक्ता, म्हणजे सगळ्या मालकांकडून थोडी थोडी जमीन घेऊन उरलेली त्यांनाच नव्याने वाटून द्यायचा हिशेब. 1960 च्या मे महिन्यात राज्यं वेगळी झाली आणि सर अहमदाबादला गेले. निघताना त्यांनी भाऊसाहेबांना धोतरजोडी द्यायला आणली, तर त्यांनी ती घेतली नाही. ‘तक्ता कुणाला तरी शिकव’, एवढंच म्हणाले. “तुम्ही आलात,” सर मला म्हणाले, “आता मला तो पुण्याला परत पाठवता येईल.” मी सांगलीची असले तरी त्यांच्या हिशेबात घाटावरचं सगळं पुणंच होतं.

मूळ कायदा दोन्हीकडे एकच. मुंबई इलाख्याचा 1915 चा नगररचना कायदा, नंतर 1954 चा. गुजरातने 1976 चा आपला कायदा करताना या योजनांचा धागा घट्ट धरून ठेवला. महाराष्ट्राच्या 1966 च्या कायद्यातही त्या आहेत, पण आपली सवय आरक्षणाची झाली, योजना मागे पडल्या. या फरकावर वर्गात व्याख्यानं झाली, पुस्तकं वाचली, निबंध लिहिले. ते सगळं कामाचं होतं. तरी मला ते कळलं सरांच्या घरच्या झोपाळ्यावर, मांडीवर तक्ता घेऊन.

गुजरातेत त्याला एफ फॉर्म म्हणतात. एका ओळीत एक मालक आणि त्या ओळीत त्याचं सगळं भवितव्य. मला कळावं म्हणून सरांनी हिशेब गुंठ्यात मांडला. समजा, एका शेतकऱ्याचा एक एकर आहे, म्हणजे 40 गुंठे, गुंठ्याला दहा हजार भाव. मूळ भूखंडाची किंमत चार लाख. योजनेत रस्ते, बाग, शाळा, गरिबांची घरं आणि विकून खर्च भागवायचे भूखंड यांसाठी सगळ्यांकडून सारखी कपात, धरा 40 टक्के. त्याला मिळतो 24 गुंठ्यांचा अंतिम भूखंड, शक्य तो मूळ जागीच, पण चौकोनी आणि रस्त्याला लागून. जुन्या भावाने तो 2 लाख 40 हजारांचा, म्हणजे गेलेल्या जमिनीची भरपाई 1 लाख 60 हजार. रस्ता, पाणी, गटार आल्यावर भाव तीस हजार धरला, तर भूखंड 7 लाख 20 हजारांचा. वाढ झाली 4 लाख 80 हजारांची. कायदा म्हणतो, वाढीच्या निम्म्यापर्यंत रक्कम योजनेला द्यायची, म्हणजे 2 लाख 40 हजार. त्यातून भरपाई वजा केली की शेतकऱ्याने भरायचे 80 हजार.

“आता तुमच्या आजोबांचं सांगा,” सर म्हणाले.

मी मांडून पाहिलं. आजोबांकडून पाच-सहा गुंठे घेता आले असते, मळेवाल्यांकडूनही त्याच प्रमाणात, आणि मैदान कुठेतरी मधोमध आलं असतं. कागदावर हे इतकं सरळ दिसत होतं, की मला रडू आलं. सरांनी पाणी आणून दिलं आणि दुसरी ओळ भरायला घेतली.

तक्ता वाचायची त्यांची एक शिस्त होती. आधी नाव मोठ्याने वाचायचं, मग आकडा. घाईने आकड्यावर गेलं की पुन्हा पहिल्यापासून. रविवारी ते आम्हा दोघा-तिघांना नवरंगपुरा-एलिसब्रिज भागातून फिरवायचे. हा रस्ता कुणाकुणाच्या शेतातून काढला, हा कोपरा तिरका का राहिला, कुठल्या विहिरीसाठी रेषा वळवली, सगळं मुखपाठ. ज्या रस्त्यांवरून मी रोज कॉलेजला जायची, ते जुन्या योजनांमधूनच आले होते. या योजना वर्षानुवर्षं रेंगाळतात, याचीही त्यांना खंत होती. मसुदा मंजूर होताच रस्त्यांचा ताबा घेता यावा, अशी दुरुस्ती 1999 मध्ये झाली, तेव्हा ते विद्यार्थ्यासारखे हरखले होते.

26 जानेवारी 2001 च्या सकाळी भूकंप झाला. अहमदाबादेतही इमारती कोसळल्या. कच्छमध्ये तर गावंच्या गावं गेली आणि राज्यात 13,000 हून अधिक माणसं दगावली. मी शेवटच्या सत्रात होते. पदवी हातात पडल्यावर भुजच्या पुनर्रचनेसाठी काम करणाऱ्या एका चमूत कनिष्ठ म्हणून लागले. जुन्या तटबंदीतल्या गल्ल्या इतक्या चिंचोळ्या होत्या, की घराबाहेर पळालेली माणसं तिथेच ढिगाऱ्याखाली सापडली आणि मदत आत शिरू शकली नाही. रस्ते रुंद करणं भाग होतं. पण ज्याच्या घराची जागा मुळातच ओंजळभर, त्याच्याकडून कापायचं काय? शेवटी तटबंदीच्या आतल्या भागासाठी आठ नगररचना योजना झाल्या. कपात सरसकट ठेवली नाही. सगळ्यात लहान भूखंडांना कपात नव्हतीच आणि भूखंड मोठा होत जाईल तशी ती वाढत जायची. एकट्यावर भार नको आणि सगळ्यांवर सारखा भारही न्याय्य नाही, हे मी तिथे शिकले.

सर अहमदाबादहून रात्रीच्या बसने यायचे, स्वतःच्या खर्चाने. त्यांचं तिथे कसलंही अधिकृत पद नव्हतं. आम्ही तंबूत लोकांना नकाशे दाखवायचो, तिथे ते मागच्या खुर्चीवर बसून ऐकायचे. एक आजी होत्या, सगळे त्यांना बा म्हणायचे. खोलीएवढा भूखंड, कपात शून्य. आम्ही त्यांना नव्या रस्त्याच्या तोंडावरची जागा दिली होती, भावाने चांगली. त्यांनी ती नको म्हटली. मला वाटलं, त्यांना नकाशा कळला नसावा, म्हणून मी पुन्हा समजावू लागले. सर उठून आले, बांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि शेजारी कोण कोण होतं ते विचारू लागले. बांनी चार घरांची नावं सांगितली. त्यातल्या एका घरात आता एकच सून उरली होती, तीही धास्तावलेली. बांना तिच्या भिंतीला भिंत हवी होती. त्या संध्याकाळी आम्ही दोन ओळींची अदलाबदल सुचवली आणि ती मान्य झाली. एवढ्या कामासाठी सरांनी दोन रात्री बसमध्ये काढल्या होत्या.

परतीच्या बसची वाट बघताना मी त्यांना म्हटलं, “सर, तुमचे उपकार कसे फेडू?” त्यांना हा शब्द रुचला नाही. ते तक्त्याबद्दलच बोलत राहिले. “यात एक खोट आहे,” म्हणाले. “भाऊसाहेबांनी मला दाखवली होती. ती मला दुरुस्त करता आली नाही.” मालक नसलेल्याला या तक्त्यात ओळ नाही. वाट्याने शेत करणारा, पिढ्यान्‌पिढ्या भाड्याने राहणारा, कुणाच्या बांधावर झोपडी टाकून असलेला, योजना यांच्याही पायाखालची जमीन हलवते, पण त्यांचं नाव मोठ्याने वाचायची वेळच येत नाही. भुजमधल्या भाडेकरूंचं तेच झालं. तटबंदीच्या आतल्या भाडेकरूंना त्या तक्त्यांत कुठेच जागा नव्हती आणि आम्ही सगळे ते डोळ्यांनी पाहत होतो.

सर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मी महाराष्ट्रात परत आले. मधल्या काळात इथेही नगररचना योजनांना पुन्हा हात घातला गेला, सिडकोच्या नैना क्षेत्रात, पुण्याजवळ म्हाळुंगे-माणला. अशाच एका योजनेच्या कामात मी आहे. आपल्याकडे हिशेबाच्या सुनावण्या लवादापुढे होतात. गावकरी सातबारा छातीशी धरून येतात, आमच्यावर ओरडतात. त्यांचं ओरडणं मला समजतं. हाताखाली येणाऱ्या तरुण नियोजकांना मी झोपाळ्यावरचाच हिशेब शिकवते, त्याच आकड्यांनी. नाव आधी, आकडा नंतर.

आणि प्रत्येक गावात मोजणी सुरू व्हायच्या आधी आम्ही आणखी एक यादी करतो. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद असलेली कुळं, नोंदच नसलेले वाटेकरी, वीटभट्टीवरची बिऱ्हाडं, गावठाणाच्या कडेला भाड्याने राहणारे. ही यादी कायद्याने मागितलेली नाही, तिला नमुना क्रमांक नाही आणि ती कुणावर बंधनकारक नाही. गेल्या खेपेला मी ती तक्त्याला जोडून सादर केली, तर ती वेगळी काढून मला परत मिळाली. पुढच्या महिन्यात नवी सुनावणी आहे. यादीवर आता सरपंचांची आणि 38 मालकांची सहीसुद्धा घेतली आहे, की हे लोक इथे राहतात हे आम्हाला मान्य आहे. मालकांच्या सह्या असलेला कागद परत करणं लवादाला तितकं सोपं जाणार नाही.