नाव पाहून पाय पसरावे

काकांचे गुडघे डोंग्यापायी गेले, असं आमच्या घरात सगळे मानतात. डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं. पण एकाच खोडातून कोरलेल्या, जेमतेम दोन फूट रुंद डोंग्यात चाळीस वर्षं उकिडवं बसलेल्या माणसाला वयाचं कारण कोण सांगणार? डोंग्यात मांडी घालता येत नाही. पाय लांब केले तर ते जाळ्यावर जातात, आणि उभं राहायचं तर आधी देवाचं नाव घ्यावं लागतं. काका तरीही उभे राहून फेकजाळं टाकत. लहानपणी मला ती जादू वाटायची. ती रोजची कसरत होती हे मोठेपणी कळलं.

आमचं घर भोयाचं, आर्वी तालुक्यातलं. वर्धा नदी आमच्या दाराशी होती तोवर डोंगा पुरत होता. नदी अरुंद, प्रवाह ओळखीचा, काठ हाकेच्या अंतरावर. मग धनोडीला निम्न वर्धा धरण झालं, एकतीस दरवाज्यांचं, आणि नदीचा जलाशय झाला. पाण्याला काठ दिसेना. वैशाखातला दुपारचा वारा सुटला की जलाशयावर लाटा उठतात आणि डोंगा आडव्या लाटेला भितो. शिवाय पाण्याखाली बुडालेल्या बाभळींची खोडं उभी आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती कुठे टोक काढतील याचा नेम नाही.

आमच्या मच्छीमार संस्थेच्या बैठकीत एक जुनी फायबरची नाव घ्यायचं ठरलं. नवीन परवडत नव्हती. बोटुकली सोडायलाच वर्षाचे पैसे जातात. रोहू, कतला, मृगळ यांचं बी पाण्यात टाकायचं आणि पुढे कधीतरी जाळ्यात येईल म्हणून वाट पाहायची, असा हा धंदा. मी सचिव, म्हणून शोधाशोध माझ्या गळ्यात पडली. संस्थेची मागणी एकाच ओळीची होती : चार माणसं, दोन जाळी, आणि वरती मोकळी जागा. ‘मोकळी जागा’ काकांनी दोनदा म्हटलं होतं.

पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याला मी हे फोनवर सांगितलं. त्याने रात्री अमेरिकेतल्या बास बोटींचे व्हिडिओ पाठवले. बास हा तिकडचा गोड्या पाण्यातला मासा. त्याला गळाने पकडण्यासाठी ही नाव मुद्दाम घडवलेली : बुटकी, पसरट, पुढे आणि मागे सपाट डेक, त्यावर गालिचा. 1948 मध्ये लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला होम्स थर्मंड नावाच्या माणसाने प्लायवूडची अशी पहिली नाव बांधली आणि तिला ‘स्कीटर’ म्हटलं. पुढे 1968 मध्ये आर्कान्सातल्या फ्लिपिन गावी फॉरेस्ट वूडने ‘रेंजर’ नावांचा कारखाना सुरू केला. हे सगळं भाच्यानेच शोधून सांगितलं. काका चष्मा लावून व्हिडिओ बघत होते. त्यातल्या माणसाने चांगला दोन किलोचा मासा पकडला, फोटो काढला आणि परत पाण्यात सोडला.

“काहून सोडला गा त्यानं?”

“खेळ आहे तो त्यांचा, काका.”

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मासा सोडला त सोडला. पण ओटा पाह्य कसा हाय! माणूस फिरून राह्यला त्याच्यावर.”

डेकला काका ओटा म्हणतात. मलाही तोच शब्द बरा वाटतो.

पहिली नाव पाहिली ती एका शहरातल्या बंद पडलेल्या बोटिंग क्लबची. शहराचं नाव सांगत नाही. पाहताक्षणी मी भाळलो. वीस फुटी, वर हिरवा गालिचा, बाके काढलेली, डेक इतका मोठा की चौघं पत्ते खेळतील. मी टेप काढून लांबी-रुंदी वहीत लिहायला लागलो. काकांनी चपला काढल्या आणि अनवाणी चढले. गालिच्यावर एका जागी त्यांनी टाच दाबली. पायाखाली ‘पचक’ झालं आणि बोटांच्या फटीतून काळं पाणी वर आलं. नाव दोन वर्षं पाण्यात उतरली नव्हती, तरी तिच्या पोटात पाणी होतं.

खाली उतरून त्यांनी खिशातलं नाणं काढलं आणि नावेच्या अंगावर ठोकत ठोकत फिरले, बाजारात मडकं घेताना वाजवून बघतात तसं. धड फायबर टणटण वाजतं. थर सुटलेले असतील किंवा आतलं लाकूड कुजलेलं असेल तिथे आवाज बसका येतो. ही नाव नाळेपाशी टणटणत होती आणि मागे सरकावं तशी मुकी होत गेली. मागची फळी, जिथे इंजिन लटकतं ती, तर अगदीच मेलेली. विकणारा म्हणत होता, “गालिचा बदला की झालं.” मी त्या गालिच्याच्या नादात विसार द्यायला निघालो होतो, हे वहिनीने घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं आणि अजूनही सांगते.

वहिनी आमच्यासोबत होती, कारण मासे निवडायचं काम बायकांचं. रोहू वेगळा, मरळ वेगळी, झिंगे वेगळे, आणि हे सगळं आतापर्यंत काठावरच्या चिखलात. नावेतच निवडता आले तर बर्फात लवकर जातील, हा तिचा हिशेब. “भाऊजी, जागा मोजून राह्यले तुमी, पण टोपल्या ठेवल्यावर पाय कुठी ठेवाचा?” हा प्रश्न माझ्या वहीत नव्हता.

दुसरी नाव गोसीखुर्दच्या फुगवट्यावर, पवनीच्या बाजूला होती. तिथे नावा पाहायला मिळतात, ढिवर समाजाची वस्ती मोठी. मालकाने मूळ नावेवर दीड फूट उंच लोखंडी चौकट करून वर फळ्या ठोकल्या होत्या. ऐसपैस मचाणच म्हणा. आम्ही तिघं वर चढलो, काठाकडे गेलो, आणि नाव अशी कलली की वहिनीने माझा शर्ट धरला. कारण साधं आहे : माणूस पाण्यापासून जितका उंच, तितकं त्याचं वजन नावेला कलंडवायला बळ देतं. मचाणावर जागा होती, पण ती वापरता येणारी नव्हती. आम्ही चहा पिऊन निघालो.

परतीच्या रस्त्यावर कोणी बोलत नव्हतं. मला ठाऊक होतं सगळ्यांच्या मनात काय आहे. 14 सप्टेंबर 2021. आमच्याच नदीवर, वरच्या अंगाला, वरुड तालुक्यातल्या झुंजजवळ नाव उलटली आणि अकरा जणांचा जीव गेला. सगळे नात्यातले, घरातल्या एका मृत्यूनंतरच्या विधीसाठी आलेले. त्या दिवसानंतर आमच्या काठावर कोणी पाहुणा ‘जरा फिरवून आणा’ म्हणाला की काका उठून घरात जातात. नाव कितीही रुंद असो, माणसं एकाच बाजूला गेली की तिच्या रुंदीला अर्थ उरत नाही. आणि माणसं जातातच. मोठा मासा दिसला की जातात, फोटो काढायला जातात, जाळं जड लागलं तर चारही जण त्याच काठावर असतात.

तिसरी नाव मोर्शीकडे, ऊर्ध्व वर्धा धरणाच्या पाण्यावर मिळाली. ते कुटुंब धंदा सोडत होतं. अठरा फूट लांब, काठाशी साडेपाच फूट रुंद, आणि मुख्य म्हणजे तळाशीही जवळजवळ तेवढीच. हा फरक मला तोवर कळला नव्हता. काही नावा वरून ताटासारख्या आणि खालून वाटीसारख्या असतात. टेप लावाल तर रुंदी भरते, पण पाण्याला टेकणारा भाग कमी म्हणून डुलतात. ही परातीसारखी होती, कडा उभ्या, बूड सपाट. सपाट बूड लाटेवर आपटतं आणि पाठ हलवून टाकतं, हे खरं. पण आम्हाला वेग नको होता, वल्ह्यांवर चालवायची होती, आणि उन्हाळ्यात चिखलातून ओढून काढायची होती.

आधी काकांचं नाणं वाजलं. नाव सगळीकडून बोलली, फक्त डाव्या कुशीला हातभर जागी आवाज वेगळा. मालकाने स्वतःच सांगितलं, “तिथं खोडाले घासली होती, ठिगळ मारलं हाय.” न विचारता सांगितलं, म्हणून काकांचा अर्धा विश्वास तिथेच बसला.

मग पाण्यावरची परीक्षा. काकांनी घरून पितळी तांब्या आणला होता. तो काठोकाठ भरून नावेच्या मध्यावर ठेवला आणि आम्हाला चालायला सांगितलं. नाळेकडे, मागे, मग तिघांनी मिळून एका काठावर. तांब्यातून पाणी सांडलं, अर्थातच सांडलं. पण काकांचं लक्ष तांब्याकडे नव्हतंच, काठाकडे होतं. तिघं एका बाजूला उभे असताना काठ आणि पाणी यांच्यात वीतभर अंतर उरलं. “मंग तांब्या कायले आणला?” मी विचारलं. “तुमी त्याच्याकडं पाहान म्हणून. काठाकडं पाह्यलं असतं त भेऊन सारखे चालले नसते.”

एवढ्यावर सौदा झाला नाही. बुडू नये म्हणून नावेच्या बाकांखाली फोम भरलेला असतो, आणि तो वर्षानुवर्षं पाणी पीत राहतो. बाहेरून काही दिसत नाही, फक्त वजन वाढतं. पहिल्या नावेने हे शिकवलं होतं. म्हणून मी अट घातली : पाच हजार विसार, आणि नाव काट्यावर चढवायची. कागदावर तिचं वजन 280 किलो होतं. आमच्याकडच्या एका जिनिंगच्या काट्यावर, जिथे दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागते, एप्रिलमध्ये शुकशुकाट होता. ट्रॉली भरलेली तोलली, मग रिकामी तोलली. काटेवाला हसत होता, “सरकी किती निघन हिच्यात?” वजाबाकी 310 आली. ठिगळ, रंगाचे थर, चिखल. तीस किलो समजण्यासारखे होते. मालकाने 85 हजार सांगितले होते, 62 हजारांत ठरलं.

आता मोकळी जागा. नावेत तीन आडवी बाकं होती, आणि मधलं कापून टाकलं की मस्त अंगण होईल, असं माझं गणित. फायबरचं काम करणाऱ्या मिस्त्रीने कटर खाली ठेवला. “भाऊ, हे बाक बसायसाठी नाई. दोन्ही कुशी धरून ठेवाले हाय. हे काढलं त नाव पुस्तकासारखी उघडन.” शिवाय फोम तिथेच होता. शेवटी मधलं बाक तसंच राहिलं. पुढच्या दोन बाकांच्या मध्ये, तळापासून फक्त चार बोटं वर, काढता-घालता येणाऱ्या फळ्या बसवल्या, खाली साचलेलं पाणी उपसता यावं म्हणून. मी मोजलं : सहा फूट बाय साडेचार. व्हिडिओतल्या नावेपुढे काहीच नाही.

काकांनी त्या फळ्यांवर हात फिरवला. फिरवताना दोन खिळे, एक कडी आणि बोल्टची तीन डोकी शोधून काढली आणि मिस्त्रीकडून सगळी खाली दाबून घेतली. फेकजाळं हवेत गोल उघडत असताना त्याचा एक फासा जरी कशात अडकला तरी जाळं माणसालाच ओढून नेतं. जागा किती आहे यापेक्षा जागेवर काय नाही, हे त्यांना बघायचं होतं. मग ते फळ्यांवर आडवे झाले, पाय पूर्ण लांब करून. संध्याकाळी जाळी लावून पहाटेपर्यंत पाण्यावर राहावं लागतं, तेव्हा एकाने तरी झोपावं म्हणून. मिस्त्री माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, “माप घेऊन राह्यले.”

नाव उतरवली त्या दिवशी वहिनीने नारळ फोडला. टोपल्या मागच्या बाजूला, बर्फाचा डबा मधल्या बाकापाशी, जाळी पुढे. वारा पडला होता. मी वल्ही मारत होतो, वहिनी ऐसपैस मांडी घालून बसली होती आणि मोबाइलवर कोणाला तरी तेच सांगत होती, मांडी घालून बसल्याचं. काका सगळ्यात पुढे, नाळेच्या कोपऱ्यात. गुडघे छातीशी, दोन्ही हात त्यांच्याभोवती, फूट-दीड फूट जागेत. मागे सगळ्या फळ्या रिकाम्या.

“काकाजी, पाय पसरा ना,” वहिनी म्हणाली.

“हाव,” काका म्हणाले, आणि तसेच बसून राहिले. थोड्या वेळाने त्यांनी हात मागे नेऊन फळी चाचपली, आहे ना जागेवर, एवढंच. मग जाळ्याचं पहिलं टोक उचललं आणि मला म्हणाले, “डाव्या अंगाले घे गा. तिथं बाभूळ हाय खाली.”