चिन्नोरचा हिशेब

बालाघाटच्या आमच्या मराठी घरांत शिक्षणाच्या वाटा बहुधा ठरलेल्या असत. मुलगा हुशार असेल तर इंजिनियर, मुलगी हुशार असेल तर बी. एड. १९५६ साली राज्य बदलले, तरी नजर नागपूरकडेच वळे. आमच्या पुतणीने मात्र इंदूरच्या देवी अहिल्या विश्वविद्यालयात एम. बी. ए.ला प्रवेश घेतला. होळकरांचे इंदूर मराठी माणसास परके नाही. परकी होती ती पदवी. "व्यापाराला पदवी कशाला?" असे वडीलधाऱ्यांनी विचारले. प्रश्न अगदीच वावगा नव्हता. हार्वर्डने ही पदवी १९०८ साली काढली; दुकाने त्याआधीही चालतच होती! त्यातून धाकट्या बंधूंनी फीसाठी बँकेचे कर्ज काढलेले.

पहिले वर्ष आटोपल्यावर उन्हाळ्यात प्रकल्प करावयाचा असतो. वर्गातील बरीच मुले मोठ्या कंपन्यांत गेली. हिने विषय निवडला चिन्नोर. आमच्या जिल्ह्यातील या सुवासिक तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही शेतकरी तो बेताचाच का लावतो, एवढाच तिचा प्रश्न. वारासिवनी, लालबर्रा भागांतील गावे तिने भर उन्हात पालथी घातली. चिन्नोर उंच वाढतो, वाऱ्याने लोळतो, उतारा कमी देतो. शेजारचे लवकर येणारे धान कापून विकले गेले, तरी हा शेतात उभाच. चढा भाव मिळाला तरच बेरीज जुळते. आणि दुसराच बारीक तांदूळ चिन्नोर म्हणून खपू लागला, की तो भाव हाती लागत नाही.

अहवाल इंग्रजीत होता. तिने तो आजीस मराठीत समजावून सांगितला. आमच्या मातोश्रींनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "अगं, यात तणस कुठं धरलंस? उंच धानाचं तणस जास्त. जनावरं काय खातात?" पुतणीने त्याच रात्री कोष्टकात एक रकाना वाढविला. विद्यापीठात तिला गुण किती पडले ते आम्ही विचारले नाही. तो रकाना मात्र आवर्जून पाहिला.

आता दुसरे वर्ष संपत आले आहे. पुण्याच्या एका कंपनीने देऊ केलेला पगार आमच्या मुख्याध्यापकीच्या पगाराहून अधिक आहे. इकडे काही शेतकरी म्हणतात, "तांदूळ आम्ही आमच्याच नावाने विकू, हिशेब तू ठेव." कर्जाचे हप्ते पदवीनंतर सुरू होतील. बंधू आम्हांस विचारतात, "दादा, तिला काय सांगू?" आम्ही अद्याप उत्तर दिलेले नाही. तीही विचारीत नाही. गेल्या रविवारी फोनवर तिने तणसाचा चालू भाव तेवढा विचारून घेतला.